बदलता नंबर : गोव्याला भाजी नेणाऱ्या एका चालकाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४८. राहणार खानापूर तालुका, जांबोटीच्या अलीकडचं एक गाव. स्वतःचा टेम्पो. बेळगावच्या एपीएमसीत संध्याकाळी भाजी भरायची, रात्री चोर्ला घाट उतरायचा आणि पहाटेच्या बाजाराला गोव्यात माल टाकायचा, हा बऱ्याच वर्षांचा धंदा. तक्रार त्यांच्याच शब्दांत : "मॅडम, लांबचं धुरकट दिसूलालंय. तीन चष्मे झाले, एकबी बसंना. जवळचं मात्र झ्याक दिसतंय. पेपर बिनचष्म्याचा वाचतो." ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मोजमापांची चाल अशा रुग्णांत दिसते तशीच आहे.

आमच्याकडे येण्याआधी त्यांचे डोळे तिघांनी तपासले होते आणि तिघांचंही मोजमाप त्या त्या दिवसापुरतं बरोबर होतं. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. कुणी हलगर्जीपणा केला असता तर गोष्ट सोपी होती. इथे प्रत्येकानं समोर दिसला तो नंबर दिला, पण चार महिन्यांत नजर कुठून कुठे सरकली हे एका कागदावर कुणालाच दिसलं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट, आणि ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नंबर काढणारा माणूस, असं लोक धरून चालतात. नंबर आता यंत्रही मिनिटाच्या आत काढतं. हा नंबर या माणसाला, या वयात, आत्ताच का आला, हे विचारण्यासाठी माणूस लागतो.

आधीचे तीन चष्मे

पहिला चष्मा चंदगड तालुक्यातला, बायकोच्या माहेरच्या गावात भरलेल्या शिबिरातला. दोन्ही डोळ्यांना −०.७५. उणे नंबर म्हणजे लांबचं धूसर, अधिक नंबर म्हणजे जवळचं अवघड. दुसरा साधारण दीड महिन्यानं गोव्यातला. माल उतरवल्यावर बाजाराजवळच्या दुकानात नंबर काढून घेतला, −१.५०. तिसरा बेळगावातला, बाजारातल्या एका दुकानात 'कॉम्प्युटरवर' काढलेला, −२.००. तिन्ही चष्मे टेम्पोच्या डॅशबोर्डवर एका डबीत होते. नंबरच्या चिठ्ठ्या मात्र एकही नव्हत्या. आम्ही भिंगं लेन्सोमीटर या भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्राखाली धरून आकडे वाचले.

रुग्णानं, मी त्यांना मामा म्हणते, यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता. शिबिरातला चष्मा फुकटचा म्हणून भिकार, गोव्यातला महाग म्हणून लुबाडणूक, बेळगावातला यंत्राचा म्हणून खोटा. चौथ्या ठिकाणी आपण येतोय तर इथेही तेच होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सीमाभागात हे असंच चालतं आणि त्यात लोकांचा दोष नाही. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून चंदगडची माणसं इकडे येतात. इथली माणसं मिरजेला, कोल्हापूरला, हुबळीला, नाहीतर गोव्याला जातात. रोटीबेटी तिन्ही राज्यांत. एका माणसाच्या प्रकृतीचे कागद तीन राज्यांत विखुरलेले, त्यातला सरकारी कागद कन्नडमध्ये, लॅबचा इंग्रजीत, शिबिराचा मराठीत. चष्म्याच्या नंबरची गंमत अशी की तो लिहायची रीत सगळीकडे सारखीच आहे. चिठ्ठी म्हापशाची असो की निपाणीची, कुणालाही वाचता येते. पण ती चिठ्ठी जपून ठेवायची असते, हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

मामांचं सुदैव एवढंच, की सात वर्षांपूर्वी चाळिशी लागली तेव्हा ते आमच्याकडे येऊन गेले होते. त्यांना आठवत नव्हतं, पण कार्ड होतं. वय ४१. लांबचा नंबर शून्य, दोन्ही डोळे ६/६. जवळसाठी +१.००. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक दोन्ही डोळ्यांत ४४ डायॉप्टरच्या (भिंगाच्या ताकदीचं, म्हणजे नंबरचं, एकक) आसपास. डोळ्याचा दाब ठीक. शेवटच्या ओळीत 'मधुमेह : तपासलेला नाही.' ही ओळ मी मुद्दाम अशी लिहिते. 'शुगर आहे का?' या प्रश्नाला दहातली बरीच माणसं 'नाही' म्हणतात, आणि त्यातल्या कित्येकांनी रक्त कधी तपासलेलंच नसतं.

तपासणी

बिनचष्म्याची लांबची नजर दोन्ही डोळ्यांत ६/३६. म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून वाचता येईल ते अक्षर त्यांना ६ मीटरवर यावं लागतं. बारीक भोकाची काळी चकती डोळ्यापुढे धरली, आम्ही तिला पिनहोल म्हणतो, तर नजर ६/६ पर्यंत सुधारली. ही साधी चकती फार कामाची. तिच्यातून दिसणं सुधारलं तर बिघाड बहुधा किरण एकत्र आणण्यातला असतो. न सुधारलं तर पडदा, मज्जातंतू किंवा मोतीबिंदूकडे बघावं लागतं.

रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर मोजताना, दोन्ही डोळ्यांना −२.२५. ट्रायल फ्रेममध्ये तेवढीच भिंगं घातली आणि मामा खूश झाले. "हाच नंबर द्या, याच्यातनं बाहेरची पाटीबी दिसूलालीय." नंबर काढण्याचं काम इथे संपत होतं. चष्मा बनवून दिला असता तर पैसेही आले असते आणि त्या दिवसापुरता तो बरोबरही ठरला असता.

पण कार्डावर सात वर्षांपूर्वीचा शून्य होता आणि डबीत −०.७५, −१.५०, −२.०० अशी चढती रांग. नजर उणे बाजूला सरकायला डोळ्यात मुख्यतः तीनच जागा असतात. एक, डोळ्याची लांबी वाढते. हे वाढत्या वयाच्या मुलांत होतं, ४८ व्या वर्षी चार महिन्यांत नाही. दोन, पुढच्या पारदर्शक काचेचा, कॉर्नियाचा, बाक वाढतो. तो मोजला, तर कार्डावरच्या आकड्याशी जुळला. उरली तिसरी जागा, आतलं नैसर्गिक भिंग. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, भिंग बऱ्यापैकी स्वच्छ होतं. पिकत आलेल्या मोतीबिंदूमुळे नंबर उणे होतो खरा, पण त्याला वेळ लागतो, आणि सहसा दोन्ही डोळे इतके एकसारखे सरकत नाहीत. फिट्सच्या किंवा अर्धशिशीच्या काही गोळ्यांनी, सल्फाच्या औषधांनीही नजर अशी अचानक उणे होऊ शकते, म्हणून तेही विचारलं. मामा कसलीच गोळी घेत नव्हते.

दोन्ही डोळे सारखे, बदल वेगात, भिंग स्वच्छ, औषध नाही. मग डोळा सोडून दुसरे प्रश्न.

"रात्री वाटेत गाडी किती वेळा थांबवता?"

त्यांना हसू आलं. पूर्वी कणकुंबीला एकदा चहाला थांबायचे. आता लघवीलाच पाच-सहा वेळा. पाण्याची दोन लिटरची बाटली घाट लागायच्या आत संपते. तहान भागत नाही म्हणून वाटेत कोल्ड्रिंक, दिवसा उसाचा रस. पट्ट्याची दोन भोकं आत गेली होती. बायकोला वाटलं, जागरणानं वाळलेत. वडिलांना शुगर होती.

आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये पाठवलं. जेवणाखाण्याची वेळ न बघता घेतलेली साखर ३८६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. अशी लक्षणं असताना २०० च्या पुढचा आकडा मधुमेहाच्या निदानाला पुरेसा धरतात. ते निदान करणं माझं काम नाही. फिजिशियनना चिठ्ठी लिहिली : चार महिन्यांत दोन्ही डोळ्यांत सव्वादोन डायॉप्टरचा उणे बदल, कॉर्निया स्थिर, भिंग स्वच्छ, साखर इतकी, कृपया लवकर बघावं. मामांच्या दृष्टीनं ही चिठ्ठी अगदी बिनकामाची होती. ते चष्म्यासाठी आले होते.

चष्मा न देणं

"मग चष्मा कधी मिळंल?"

"आत्ता नाही, मामा."

"पैसे देतो की मॅडम. उधार मागत नाही."

"आज केला तर पंधरा दिवसांत चौथाही त्या डबीतच जाईल."

आमच्या धंद्यात हे बोलणं जड जातं आणि रुग्णाला पटवणं त्याहून जड. साखर वाढली की ती डोळ्यातल्या पाण्यातून भिंगातही शिरते. भिंगाच्या पेशी तिचं सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर करतात. हे सॉर्बिटॉल सहज बाहेर पडत नाही, उलट पाणी आत ओढून घेतं. भिंगाचा आकार आणि किरण वळवायची ताकद बदलते, आणि नजर बहुधा उणे बाजूला जाते. उणे सव्वादोनचा डोळा काही न करता साधारण ४५ सेंटीमीटरवर नीट बघतो. बरोबर पेपर धरायचं अंतर. म्हणून जवळचं 'झ्याक'. चाळिशीचा चष्मा सुटला म्हणून मामा घरी फुशारकी मारत होते.

हे सगळं मामांना सांगताना मी इतकंच म्हटलं : कांद्याचं पोतं भिजल्यावर वजन करून भाव ठरवत नाहीत, आधी वाळू देतात. एपीएमसीतल्या माणसाला ते लगेच कळलं.

गाडी कोण चालवणार, हा प्रश्न तेवढ्यानं सुटत नव्हता. रात्र, घाट, पावसाळ्यात चोर्ल्याचं धुकं, आणि सकाळी एक नि संध्याकाळी एक अशी नजर. रात्रीची गाडी नजर ठरेपर्यंत बंद, ती पुतण्यानं चालवायची, हे त्यांच्या बायकोसमोर ठरवलं. एकट्या मामांनी ते मान्य केलं असतं असं मला वाटत नाही. दिवसाच्या कामासाठी नवीन काही लागणारच नव्हतं. साखर उतरेल तसा नंबर उतरणार. म्हणजे डबीतले तेच तीन चष्मे उलट्या क्रमानं उपयोगी पडणार : आधी −२.०० चा, मग −१.५० चा, मग −०.७५ चा. प्रत्येकाच्या काडीवर रंगीत चिकटपट्टी लावून दिली. ज्यांना ते फसवणूक म्हणत होते, ते तिन्ही चष्मे वापरले गेले.

गोळ्यांनी डोळे गेले

या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा टप्पा उपचार सुरू झाल्यावर येतो आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. साखर झपाट्यानं खाली आली की भिंग लगेच पूर्ववत होत नाही. बऱ्याच रुग्णांत नजर शून्यावर न थांबता अधिक बाजूला जाते आणि मग काही आठवड्यांनी हळूहळू ठिकाणावर येते. रुग्णाला यातलं एवढंच कळतं, की गोळ्या सुरू केल्या आणि वाचता येईनासं झालं.

म्हणून पहिल्याच दिवशी कार्डाच्या मागे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं : औषध सुरू झाल्यावर आधी लांबचं सुधारेल. मग जवळचं बिघडेल. घाबरू नये, औषध थांबवू नये, आमच्याकडे यावं.

फिजिशियनकडे एचबीए१सी ११.९ आलं. ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. औषधं आणि पथ्य सुरू झालं. दहाएक दिवसांनी आमच्याकडे नंबर −१.००. तिसऱ्या आठवड्यात +१.००. तपासणीला ते आपणहून आले नव्हते, बायकोनं आणलं होतं. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं की शुगरच्या गोळ्या डोळ्यांवर उतरतात, म्हणून दोन दिवस गोळ्या बंद होत्या. भाडेपावतीवरचा आकडा दिसत नव्हता, मोबाइलवरचं नाव दिसत नव्हतं. आधी शून्यावर असताना जवळसाठी पावणेदोनची मदत लागणारा डोळा आता अधिक एकवर गेलेला, म्हणजे पावणेतीनची गरज. दिसणार कसं?

मी कार्ड उलटं करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांना ते वाचता येईना, अर्थातच. बरोबर आलेल्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं आज जसंच्या तसं घडलेलं ऐकून मामा गप्प झाले, आणि बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोळ्या त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाल्या. पावत्या वाचण्यापुरता +२.५० चा तयार स्वस्त चष्मा दिला, आणि हा कायमचा नाही असं चष्म्याच्या डबीवर लिहून.

मला विचाराल तर या प्रकरणात आमच्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम मधुमेहाचा संशय येणं हे नाही. तहान, लघवी, वजन बघून तो संशय कुणालाही आला असता. आगाऊ लिहून ठेवलेल्या त्या चार ओळींनी एका माणसाच्या गोळ्या बंद पडायच्या वाचल्या. नवीन मधुमेह्याला औषध लिहिताना 'काही दिवस नजर बदलेल' हे वाक्य प्रत्येकानं बोलायला हवं. दवाखान्यातल्या गर्दीत ते राहून जातं. मग ते आम्ही बोलायचं.

आठव्या आठवड्यात +०.२५. बाराव्या आठवड्यात लांबचा नंबर शून्य, दोन्ही डोळे ६/६, जवळसाठी +१.७५. दोन भेटींत आकडा हलला नाही तेव्हा चष्मा केला. साखर स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवडे थांबावं असा आमच्याकडे सर्वसाधारण संकेत आहे, तो इथे पाळला. आमच्या दुकानाची या प्रकरणातली एकूण विक्री : जवळचा एक साधा चष्मा आणि एक तयार स्वस्त चष्मा.

पडदा

नंबर शून्यावर आला म्हणजे डोळा सुटला, असं मामांना वाटलं. मला तसं वाटत नव्हतं, आणि त्यासाठी बाराव्या आठवड्याची वाट बघितली नव्हती. साखर सापडली त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून पडदा तपासायला पाठवलं होतं. प्रौढ वयातला, टाइप २ मधुमेह सापडतो तेव्हा तो आदल्या दिवशी सुरू झालेला नसतो. कित्येक वर्षं आत बसलेला असतो. म्हणून अशा रुग्णाचा पडदा निदान होतानाच बघायचा आणि नंतर दर वर्षी.

पाठवताना एक गोष्ट दोनदा सांगितली : थेंब घातल्यावर बाहुली काही तास मोठी राहते, उन्हात डोळे दिपतात, म्हणून त्या दिवशी गाडी चालवायची नाही. टेम्पोवाल्याला हे सांगून भागत नाही. पुतण्या बरोबर गेला याची खात्री करून घेतली.

दोन्ही पडद्यांवर बारीक लाल ठिपके होते. रक्तवाहिन्यांना आलेले सूक्ष्म फुगवटे आणि एक-दोन जागी रक्ताचे थेंब. मधुमेही रेटिनोपथीची, म्हणजे मधुमेहानं पडद्याला होणाऱ्या इजेची, सुरुवात. नजरेच्या मध्यभागी सूज नव्हती, म्हणून लेसर किंवा इंजेक्शनची गरज नव्हती. मामांची नजर पिनहोलमधून ६/६ होती आणि तरी पडद्यावर ठिपके होते, ही गोष्ट मी आता प्रत्येक मधुमेह्याला सांगते. दिसतं म्हणजे पडदा ठीक, असं नसतं. या आजारात दिसणं शेवटी बिघडतं.

आणखी एक. खूप वाढलेली साखर वेगानं खाली आणली की रेटिनोपथी सुरुवातीला थोडी वाढू शकते. म्हणून साखर खाली आणायची नाही असा त्याचा अर्थ नाही. लांबच्या पल्ल्यात साखर आटोक्यात असणंच डोळ्याला वाचवतं. पण पुढची तपासणी वर्षानं न करता डॉक्टरांनी तीन-चार महिन्यांत ठेवली, ती याच कारणानं. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ वर आलं, आणि ठिपके होते तेवढेच राहिले.

आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. चाळिशीचा चष्मा करायला आमच्या खुर्चीत येणारी माणसं नेमकी त्या वयातली असतात. त्यातल्या अनेकांचा वर्षानुवर्षांत कुठल्याही आरोग्य कर्मचाऱ्याशी आलेला तो पहिलाच संबंध असतो. डोकं दुखत नाही, ताप नाही, दवाखान्यात कशाला जायचं? पण पेपर दिसेना म्हणून माणूस येतो. त्या पंधरा मिनिटांत शुगर, रक्तदाब, घरात काचबिंदू आहे का, एवढं विचारून होतं.

आजी आणि मुलगी

मामांच्या आईचं वय ७२. मुलाची शुगर सापडल्यावर घरात चर्चा झाली तेव्हा आजी म्हणाल्या, मलाबी आता सुईत दोरा ओवता येतो की, चष्म्याबिगर. घरच्यांना धसका बसला. आजींची उपाशीपोटीची साखर ९६ आली, म्हणजे तो प्रश्न नव्हता. तपासलं तर उजवा −२.५०, डावा −१.२५, आणि चष्मा लावूनही उजव्याची नजर ६/१२ च्या पुढे जाईना. स्लिट लॅम्पखाली भिंगाचा गाभा पिवळसर, घट्ट झालेला. मोतीबिंदू.

तक्रार मुलाचीच, बदललेली जागाही तीच, आतलं भिंग. पण आजींच्या भिंगातून पाणी उतरणार नव्हतं. वयानुसार गाभा दाट होतो, किरण जास्त वळतात, नजर उणे होते आणि जवळचं काही काळ सुधारतं. 'म्हातारीला परत नजर आली' असं गावात म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. मुलाच्या डोळ्यांत बदल आठवड्यांत आणि दोन्हीकडे सारखा होता. आजींचा वर्षा-दोन वर्षांतला, एका डोळ्यात जास्त. शिवाय पांढरा सदरा त्यांना पिवळट दिसत होता.

आजींना चष्मा दिला. मुलाला नाही दिला आणि आईला दिला, हे घरात बरंच गाजलं. त्यांचा बदल संथ होता, म्हणून लांबच्या चष्म्याचा वर्षभर तरी उपयोग होणार होता. शस्त्रक्रिया कधी करायची हे मोतीबिंदू किती 'पिकला' यावर ठरत नाही, रोजच्या कामाला किती अडतं यावर ठरतं. पिकायची वाट बघायची ही जुनी समजूत आहे, आणि ती अजून सुटत नाही. आजींनी सुगी झाल्यावर करू म्हटलं. त्यांना तसं डॉक्टरांकडे पाठवलं, निर्णय दोघांचा.

कार्ड वाचून दाखवणारी मुलगी ११ वर्षांची. ती कार्ड नाकाजवळ धरून वाचत होती, म्हणून तिलाही खुर्चीत बसवलं. फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. थेंब घालून तपासल्यावर −१.२५ आणि −१.५०. हिचा मात्र खरा, डोळ्याच्या लांबीचा नंबर, उलटा न फिरणारा. चष्मा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि रोज दोनेक तास उघड्यावर, उजेडात खेळणं. शिवारातल्या घराला यातलं शेवटचं सोपं असायला हवं, पण तिथेही मोबाइल पोचला आहे. तिघांची तक्रार एकाच घरात एकसारखी निघाली हा योगायोग, त्यावरून नियम काढू नये.

कार्डाचा खर्च

ऑप्टोमेट्रीची स्वतंत्र पदवी असते, इंटर्नशिपसकट. २०२१ च्या केंद्रीय सहयोगी आरोग्यसेवा कायद्यात या व्यवसायाचा समावेश झाला. आम्ही शस्त्रक्रिया करत नाही, इंजेक्शन देत नाही. तपासतो, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स देतो, आजाराची चाहूल लागली तर योग्य डॉक्टरांकडे पाठवतो, आणि माणूस परत आला की पुन्हा तपासतो. हे शेवटचं कुणाला महत्त्वाचं वाटत नाही, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही.

बेळगावात जिकडे बघाल तिकडे 'मोफत नेत्र तपासणी'च्या पाट्या. तपासणी फुकट म्हणजे कमाई फ्रेममधून. कमाई फ्रेममधून म्हणजे आलेल्या प्रत्येकाला चष्मा गेलाच पाहिजे. अशा दुकानात 'आज चष्मा नको' असं म्हणणारा माणूस त्या दिवशी मालकाचं नुकसान करतो. मी तपासणीचे पैसे घेते आणि चष्मा न घेणाऱ्याकडूनही घेते. त्यावरून काही गिऱ्हाइकं तुटली. मामांनीही पहिल्या दिवशी कुरकुर केली होती, 'चष्मा नाही, वर पैसे?' माझं उत्तर हेच, की चष्मा नाही हे सांगायचेच पैसे आहेत.

शिबिरांना माझा विरोध नाही. मोतीबिंदू शोधायला आणि मुलांचे डोळे बघायला ती हवीतच. पण शिबिरातून उठताना माणसाच्या हातात नंबरची चिठ्ठी आणि तारीख असलीच पाहिजे. त्यापुढे जाऊन आता आम्ही प्रत्येकाला चिठ्ठीचा फोटो त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये काढायला लावतो, आणि चिठ्ठीवर आजच्या नंबरशेजारी मागचा नंबर लिहितो. मागचा नसेल तर रकाना रिकामा ठेवतो, पुढच्या दुकानानं भरावा म्हणून. सहा महिन्यांत अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त फरक असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर चष्मा करण्याआधी साखर बघायची, असा आमच्यापुरता नियम आहे.

मामा आता दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा गाडी चालवतात. वाहतुकीची गाडी चालवण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, त्याबरोबर जोडायला नजरेच्या नोंदीची प्रत त्यांनी मागून नेली. पडद्याची पुढची तपासणी गणपतीनंतर. आजींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची व्हायची आहे. मामांचा धाकटा भाऊ गोव्यात हॉटेलात काम करतो. बाप आणि भाऊ दोघांनाही मधुमेह, म्हणून त्याची साखर तपासायला हवी, असं प्रत्येक भेटीत सांगून झालं. "त्याला चांगलं दिसतंय म्हणतोय," असं मामा सांगतात. कार्डावर त्याच्या नावापुढे अजून तेच लिहिलेलं आहे : तपासलेला नाही.